बांध नसलेलं शिवार

पुण्याहून नगर रस्त्यानं आमच्या गावाकडं येताना भीमेचा पूल ओलांडण्याआधी जयस्तंभ लागतो. जग त्याला कोरेगाव भीमाचा स्तंभ म्हणतं, १८१८ च्या लढाईलाही नाव आमच्याच गावाचं. पण स्तंभ ज्या काठावर उभा आहे तो पेरणे गावाचा, हवेली तालुक्यातला. कोरेगाव नदीच्या पलीकडं, शिरूर तालुक्यात. लोकांच्या तोंडी एक पत्ता, तलाठ्याच्या दप्तरात दुसरा. तरी दर १ जानेवारीला लाखो माणसं न चुकता नेमक्या जागी पोचतात.

संगणकाच्या ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा म्हणजे कर्नल, त्याचंही दिवसभराचं काम हेच: तोंडच्या पत्त्यावरून खरी जागा गाठून देणं. प्रत्येक प्रोग्रॅमला वाटतं, मेमरीचं अख्खं शिवार आपल्या एकट्याच्या नावावर आहे. तो उच्चारतो तो पत्ता आभासी. त्या पत्त्यामागची खरी जमीन कुठली, हे पेज टेबल नावाच्या सातबाऱ्यात पाहून ठरतं. कुणी शेजारच्याचा बांध कोरायला गेला, तर प्रोसेसर जागीच हात धरतो आणि कर्नल त्या प्रोग्रॅमला घरी पाठवतो. या महसूल खात्याचं मला जुनं वेड आहे. लोक क्रिकेटचे आकडे पाठ करतात, मी लिनक्सच्या हद्दी पाठ केल्या. ३२ बिटी काळात शिवार चार गिगाबाइटचं, त्यातले तीन प्रोग्रॅमला, एक कर्नलला, आणि त्या एकातलेही ८९६ मेगाबाइटच कर्नलला थेट हाताशी. एका प्रोग्रॅमला मेमरीचे तुकडे किती पाडता येतील, तर न बदलल्यास ६५,५३०. आणि जवळ आहे त्याहून जास्त मेमरी कबूल करायची की नाही, याचंही एक बटण असतं: ०, १ किंवा २. १ वर ठेवलं की कर्नल आमच्या नगर रस्त्यावरच्या काही प्लॉटिंगवाल्यांसारखा वागतो, मागेल त्याला होकार. सगळे एकदमच ताबा मागायला आले की एखाद्या प्रोग्रॅमचा बळी देऊन वेळ निभावतो.

या साऱ्या आभासी मेमरीचा उगम मँचेस्टरच्या १९६२ च्या ‘ॲटलस’ संगणकात. मुख्य मेमरी १६ हजार शब्दांची, मागं ९६ हजार शब्दांचा फिरता ड्रम, आणि दोन्ही मिळून एकच मेमरी असल्याचा भास. पुढचं पाठ्यपुस्तकांत आहे, तिथंच राहू दे.

माझी गाडी अडली ती दुसरीकडे. जुन्या पुस्तकांच्या एका गठ्ठ्यात इनमॉस या ब्रिटिश कंपनीचं १९८८ चं पुस्तक हाती लागलं. ट्रान्सप्यूटर नावाच्या प्रोसेसरच्या सूचनासंचाचं, कंपायलर लिहिणाऱ्यांसाठी काढलेलं. ट्रान्सप्यूटर म्हटल्यावर पुण्याच्या माणसाला ‘परम’ महासंगणक आठवणारच. १९८८ साली सी-डॅक या संशोधन संस्थेची स्थापना, अकोला जिल्ह्यातल्या मुरंब्याचे विजय भटकर प्रमुख, महासंगणक घडवायला तीन वर्षांची मुदत, आणि १९९१ मध्ये ‘परम ८०००’. ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. त्यातले प्रोसेसर इनमॉसचे टी-८०० जातीचे. पुस्तक घेतलं ते या यंत्रात आभासी मेमरीची मांडणी कशी होती हे पाहायला. कळलं ते असं, की ती नव्हतीच. टी-८०० मध्ये पत्ते बदलून देणारी यंत्रणाच नाही. ना पेज टेबल, ना पहारा. भारताचा पहिला महासंगणक म्हणजे बांध नसलेलं शिवार.

मग मी त्या चिपच्या नकाशात रमलो, तो आजतागायत. तिथं पत्ते शून्यापासून सुरू होत नाहीत. ते उणे २१४ कोटी ७४ लाख ८३ हजार ६४८ पासून सुरू होतात आणि शून्य येतं शिवाराच्या मधोमध. अगदी तळाशी, चिपच्या पोटातच, चार किलोबाइटची चपळ मेमरी. तिच्यातले पहिले ११२ बाइट यंत्रानं स्वतःसाठी राखलेले, आपलं राज्य त्यानंतर. आज लिनक्स शून्याजवळची जागा मुद्दाम ओसाड ठेवतं, कारण चुकलेले पॉइंटर तिथंच येऊन आदळतात. ट्रान्सप्यूटरला शून्याचं असं काही सोवळं नाही. ‘इथं कुणी नाही’ हे सांगायला तो सगळ्यात खालची उणे संख्या वापरतो.

चिप जागी होण्याची तऱ्हा तर याहून न्यारी. शेजारच्या चिपच्या तारेवरून पहिला बाइट येतो. तो ० असेल तर पाठोपाठ पत्ता आणि मजकूर येतो, तो मुकाट लिहून घ्यायचा. १ असेल तर सांगितलेल्या पत्त्यावरचं वाचून दाखवायचं. २ किंवा जास्त असेल तर तितक्या बाइटचा प्रोग्रॅम उतरवून घ्यायचा आणि चालवायचा. म्हणजे पहिला प्रोग्रॅम फार तर २५५ बाइटचा. आणि कोण लिहितंय, कोण वाचतंय, याची विचारपूस नाही. आमच्याच रस्त्यानं नगर ओलांडून पुढं शनिशिंगणापूर आहे, तिथल्या घरांना दारं नसण्याची रीत. हे त्यातलंच.

इनमॉसचा हिशेब असा, की प्रोग्रॅम ऑकम भाषेत लिहायचे. त्या भाषेत चालता चालता नवी मेमरी मागता येत नाही, पुनरावर्तनही नाही. कुणाला किती जागा लागणार हे कंपायलर आधीच मोजतो. मर्यादा कर्नलच्या बटणावर नव्हे, मोजणीच्या वेळीच ठरलेली. मग पहारेकरी कशाला? विचार देखणा आहे. पण शास्त्रज्ञांचे प्रोग्रॅम होते फोरट्रानचे, आणि फोरट्रानला बांध कोरण्याची खोड जुनी. एखाद्या कोष्टकाची हद्द ओलांडली की शेजारचा मजकूर पुसला जातो, कधी खुद्द प्रोग्रॅमच. शिवाय परमचा प्रत्येक नोड, म्हणजे प्रत्येक प्रोसेसर, आपापल्या मेमरीचा मालक. ६४ नोड असले तर चौसष्ट वेगळी शिवारं, सामाईक गायरान नाही. मोठं गणित कापून वाटायचं, कडेच्या रांगा शेजारच्या नोडला तारेनं कळवायच्या, हे सगळं प्रोग्रॅम लिहिणाऱ्यानं करायचं. कर्नलचं काम माणसाच्या डोक्यावर.

इथं क्रे या अमेरिकी महासंगणकाचा विषय निघतोच. अमेरिकेनं क्रे नाकारला म्हणून आपण परम केला, ही कथा मला अपुरी वाटते. हवामान अंदाजासाठी क्रे एक्स-एमपी/१४ दिल्लीत आला होता, भले मागितला त्यापेक्षा लहान. गंमत म्हणजे आभासी मेमरी त्यातही नव्हती. सीमोर क्रे यांना वेगापुढं तिचं लोढणं मान्य नव्हतं. मात्र त्या यंत्रात प्रत्येक प्रोग्रॅमसाठी एक सुरुवात आणि एक मर्यादा नोंदलेली असे, बाहेर पाऊल टाकलं की अडवणूक. त्याला निदान कुंपण होतं. आपल्या परमला तेही नाही, आणि तरी तो चालला, मॉस्कोपर्यंत गेला. माझ्या मते हीच खरी मर्दुमकी. वेगाचे, गिगाफ्लॉपचे आकडे भाषणांत पुष्कळ येऊन गेले, हद्दी डोक्यात ठेवून प्रोग्रॅम लिहिणारे कुठंच आले नाहीत.

पुढच्या ‘परम ८६००’ मध्ये इंटेलचा आय-८६० आला, त्यात चार किलोबाइटच्या पेजची सोय होती. १९९८ च्या ‘परम १००००’ मध्ये १६० अल्ट्रास्पार्क प्रोसेसर आणि वर सोलारिस ऑपरेटिंग सिस्टिम, म्हणजे रीतसर सातबारा. आज सी-डॅकची यंत्रं लिनक्सवर चालतात आणि बटणं तीच, माझ्या घरच्या लॅपटॉपवरची.

एक विनंती. परम ८००० वर काम केलेले बरेच जण आता निवृत्त असतील, पुण्यातच असतील. दिवाळीच्या आवराआवरीत माळ्यावर त्या काळची वही, प्रोग्रॅमचा छापील कागद किंवा मेमरीचा हातानं काढलेला नकाशा सापडला, तर रद्दीत देऊ नका. त्यावर तारीख आणि आपलं नाव घाला आणि जपून ठेवा.