वाळूचा ढीग आणि चिंचोक्यांचे गणित

शाळेच्या बांधकामासाठी आणलेल्या वाळूवर मुले खेळतात, तेव्हा एक गोष्ट त्यांच्या ध्यानात सहज आणून देता येते. वाळू एकाच जागी हळूहळू सोडीत गेल्यास ढीग वाढतो. परंतु त्याचा उतार एका मर्यादेपलीकडे चढा होत नाही. मग कधी चारच कण घसरतात, तर कधी एक बाजूच ढासळते.

या घटनेवरून १९८७ साली अमेरिकेतील ब्रुकहेवन प्रयोगशाळेत पेर बाक, चाओ तांग व कर्ट वीझनफेल्ड यांनी एक गणिती प्रतिरूप मांडले. ते वर्गात करून पाहण्याजोगे आहे. फरशीवर खडूने तीन ओळींत तीन-तीन अशी नऊ घरे आखावीत. नियम एकच : ज्या घरात चार किंवा अधिक चिंचोके होतील, त्याने चारही बाजूंस एकेक द्यावा, काठाबाहेर पडलेला चिंचोका बाद. प्रत्येक घरात तीन चिंचोके मांडून मधल्या घरात अठ्ठाविसावा टाकावा. त्या एकापायी घरे एकूण दहा वेळा ढासळतात, बारा चिंचोके बाहेर जातात. अखेर मधले घर रिकामे, कोपऱ्यांत एकेक व उरलेल्या चार घरांत तीन-तीन राहतात. लगेच आणखी एक चिंचोका मध्ये टाकावा. काहीच होत नाही! दोन्ही चिंचोके सारखेच. फरक आधीच्या मांडणीचा. ढीग कोणत्या दाण्याने पाडला, हा मुलांचा प्रश्न म्हणूनच अपुरा ठरतो.

पुढे वर्गाचे दोन गट करावेत आणि कोणते घर आधी ढासळवायचे हे ज्याच्या त्याच्या मर्जीवर सोडावे. थोडी भांडणे होतील, ती होऊ द्यावीत. शेवटची मांडणी दोघांचीही एकच येईल. ती नेहमीच तशी येते, हे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील दीपक धर यांनी १९९० साली सिद्ध केले.

घरे पुष्कळ घेतली व दाणे कोठेही टाकीत गेले, तर ढीग आपण होऊन अशा अवस्थेस येतो की, लहान पडझडी वारंवार व मोठ्या क्वचित होतात. मात्र पडझडीचा ठराविक असा आकार उरत नाही. हिलाच स्वयंसंघटित क्रांतिकता म्हणतात.

तथापि खरी वाळू तंतोतंत अशीच वागते, असे मुलांस सांगू नये. घसरते कण वेग घेतात. प्रतिरूपात वेगाला स्थानच नाही. ऑस्लो येथील संशोधकांनी १९९६ साली तांदळाचे ढीग रचून पाहिले. लांब दाण्याच्या तांदळात घर्षणामुळे वेग आवरला जाऊन प्रतिरूपासारखे वर्तन दिसले. गोलसर दाण्यांत ते दिसले नाही.