121 पराभव आणि 396 धावा

2024च्या हंगामात शिकागो व्हाइट सॉक्स हा बेसबॉल संघ 162 पैकी 121 सामने हरला. 1901पासून, म्हणजे आधुनिक बेसबॉल सुरू झाल्यापासून, एका हंगामात इतके पराभव कुणाच्याच वाट्याला आले नव्हते. जुलै-ऑगस्टमध्ये तर ओळीने 21 सामने गेले. हाच संघ तीन वर्षांपूर्वी 93 सामने जिंकून गटात पहिला आला होता. 93, मग 81, मग 61, मग 41.

या संघाने वर्षभरात 507 धावा केल्या आणि 813 दिल्या. तूट 306 धावांची. बेसबॉलमधला एक जुना, खात्रीचा ठोकताळा असा की दहा धावांची भर पडली की साधारण एक विजय वाढतो. मानाने बाद फेरी गाठायची तर नव्वदेक विजय हवेत, त्यासाठी वर्षाअखेर धावांची शिल्लक उणे 306 ऐवजी अधिक 90च्या आसपास हवी. म्हणजे 396 धावांचं अंतर. ते 162 सामन्यांत वाटलं तर सामन्यामागे अडीच धावाही भरत नाहीत. क्रिकेट पाहणाऱ्याला हे एका चेंडूचं काम वाटेल. पण इथे सरासरी संघ अख्ख्या सामन्यात साडेचारच्या आसपासच धावा करतो!

आता पैशांचा हिशोब. किमान पगारावर सहज मिळतील अशा बदली खेळाडूंचा अख्खा संघ उभा केला तर तो सुमारे 48 सामने जिंकेल, असं आकडेशास्त्री धरतात. व्हाइट सॉक्स त्याच्याही खाली होते. 48वरून 90वर जायला 42 विजय लागतात, आणि खुल्या बाजारात एका विजयाची किंमत ढोबळमानाने 80 लाख डॉलर धरली जाते. गुणाकार 33 कोटींच्या पुढे जातो, तोही एका वर्षाचा. 2024मध्ये संघाचा एकूण पगार 23.7 कोटी डॉलरच्या वर गेला की जादा कर बसत होता. न्यूयॉर्क मेट्सने ह्वान सोटो या एकट्या खेळाडूला 15 वर्षांसाठी 76.5 कोटी कबूल केले. व्हाइट सॉक्सने तोवर केलेला सर्वांत मोठा करार होता 7.5 कोटींचा.

म्हणून असा संघ विकत घेऊन उभा राहत नाही, तो वाढवावाच लागतो. नवा खेळाडू मोठ्या लीगमध्ये आला की पहिली तीनेक वर्षं त्याला किमान पगाराच्या आसपासच मिळतं. 2024मध्ये तो 7 लाख 40 हजार डॉलर होता. खुल्या बाजारात जायला त्याला सहा वर्षांची सेवा लागते. चार विजय मिळवून देणारा असा एक तरुण सापडला की बाजारभावाने तीन कोटींचं काम साडेसात लाखांच्याही आत होतं. माझ्या मते खरी लढाई मैदानापेक्षा इथे, तरुण शोधण्यात आणि घडवण्यात आहे.

डेट्रॉइट टायगर्सचं उदाहरण मला फार धीर देणारं वाटतं. 2003मध्ये ते 119 सामने हरले. त्या दुर्दशेमुळे पुढच्या वर्षीच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक वाटपात, दुसरी निवड हाती आली आणि त्यांनी जस्टिन व्हर्लँडर हा पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा, घेतला. 2006मध्ये त्याने आपल्या पहिल्या पूर्ण हंगामात 17 विजय मिळवले, संघाने 95, आणि टायगर्स वर्ल्ड सीरिजपर्यंत पोचले.

व्हाइट सॉक्सला तेवढंही मिळालं नाही. महसूल-वाटपाचा लाभ न घेणाऱ्या संघाला लागोपाठ दोन वर्षं वरच्या सोडतीतली निवड मिळत नाही, असा आता नियम आहे. आदल्या वर्षी ती मिळालेली असल्याने 121 पराभवांनंतरही 2025च्या ड्राफ्टमध्ये त्यांची पाळी दहावी आली. मला हे अन्यायाचं वाटतं. मग त्यांनी दुसरा मार्ग धरला: आपला सर्वोत्तम पिचर गॅरेट क्रोशे बोस्टनला दिला आणि बदल्यात चार तरुण घेतले. त्यांतले काइल टील आणि चेस मेइड्रॉथ 2025मध्येच मोठ्या संघात खेळले. त्या वर्षी विजय 60 झाले. नव्वदला अजून तीस हवेत.