नाकात बसवलेलं सिलिकॉन बिघडतं तेव्हा: दुसरी शस्त्रक्रिया इतकी अवघड का?

आपल्याकडे 'चाफेकळी नाक' हे कौतुक आहे. दक्षिण कोरियात, विशेषतः सोलच्या गंगनम भागातल्या दवाखान्यांत, तशा उंच, सरळ नाकासाठी वर्षानुवर्षं शस्त्रक्रिया होत आल्या आहेत. पाश्चात्त्य देशांत बहुतेकांना नाकाचा उंचवटा कमी करून हवा असतो. पूर्व आशियात मागणी उलटी असते, नाकाचा दांडा उंच करण्याची. त्यासाठी आत काहीतरी भरावं लागतं आणि सगळ्यात सोपा भराव म्हणजे सिलिकॉनची तयार पट्टी.

सोपा का? पट्टी स्वस्त असते, हवी तशी कातरता येते, शस्त्रक्रिया लवकर उरकते आणि शरीराच्या दुसऱ्या भागावर चीर द्यावी लागत नाही. बहुतेकांना पुढे त्रास होतही नाही. हे आधीच सांगायला हवं, नाहीतर पुढचं वाचून ज्यांच्या नाकात सिलिकॉन आहे ते सगळेच घाबरतील.

बिघाड कसा होतो?

शरीर सिलिकॉनला आपलं मानत नाही. त्याला बाहेर टाकता येत नाही, म्हणून त्याच्याभोवती तंतुमय पेशीजालाचं एक आवरण तयार करतं. हे आवरण पातळ आणि शांत राहिलं तर काही बिघडत नाही. पण पट्टीच्या पृष्ठभागावर जिवाणूंचा चिकट थर बसला, तर प्रतिजैविकं त्याच्या आतपर्यंत नीट पोहोचत नाहीत. सूज धुमसत राहते, औषधाने उतरते आणि परत येते. शस्त्रक्रियेला दहा वर्षं झाल्यावरही हे होऊ शकतं.

दुसरा प्रकार ताणाचा. इंग्रजी 'एल' अक्षराच्या आकाराची पट्टी शेंड्यापर्यंत जाते आणि तिथली त्वचा आतून सतत दाबत राहते. त्वचा पातळ, लाल, चकचकीत होते आणि शेवटी पट्टी बाहेर डोकावते. सुरुवातीला ते एखाद्या पुळीसारखं दिसतं. नाकात रोपण असलेल्या माणसाने शेंड्यावरची अशी पुळी फोडू नये, थेट शल्यचिकित्सकाकडे जावं.

सगळ्यात वाईट म्हणजे आकुंचन. संसर्गानंतर आवरणातल्या काही पेशी स्नायूंसारख्या आक्रसतात. कूर्चा झिजते, शेंडा वर ओढला जातो, नाक आखूड होतं आणि समोरून नाकपुड्या दिसू लागतात. कोरियन भाषेत याला 'गुचुकको' असा रोजच्या बोलण्यातला शब्दच आहे. 'को' म्हणजे नाक, 'गुचुक' म्हणजे आकुंचन.

काढायचं कधी, बांधायचं कधी?

संसर्ग असेल तर पट्टी काढावीच लागते. नुसत्या गोळ्यांवर दिवस ढकलण्यात आतली त्वचा आणि कूर्चा जाते. सिलिकॉन आवरणातून सहसा सरकन निघतं. सच्छिद्र पदार्थांचं तसं नाही. गोर-टेक्सच्या छिद्रांत थोडं आणि मेडपोरच्या छिद्रांत बरंच पेशीजाल शिरलेलं असतं, त्यामुळे ते सोडवताना आजूबाजूचं नाजूक अस्तरही फाटू शकतं.

पुढे मतभेद आहेत. परंपरेने पट्टी काढून सहा महिने ते वर्षभर थांबतात, म्हणजे व्रण मऊ पडतो. पण त्या काळात नाक आणखी आक्रसू शकतं, म्हणून काही शल्यचिकित्सक संसर्ग आटोक्यात असेल तर त्याच वेळी रुग्णाची स्वतःची कूर्चा बसवतात. पू भरपूर असेल, त्वचा मरत असेल, तर थांबणंच शहाणपणाचं.

बरगडीच का?

पहिली पसंती नाकाच्या मधल्या पडद्याच्या कूर्चेला असते, पण पूर्व आशियाई नाकांत ती मुळात लहान असते आणि अनेकदा पहिल्या शस्त्रक्रियेतच वापरून झालेली असते. कानाची कूर्चा मऊ आणि वाकडी. शेंडा खाली खेचून धरेल असा भक्कम खांब लागतो, आणि तो बरगडीची कूर्चा देते, बहुधा सहाव्या किंवा सातव्या बरगडीची. स्त्रियांमध्ये चीर स्तनाखालच्या घडीत लपवतात. फुप्फुसाच्या आवरणाला इजा होण्याचा धोका थोडा, पण खरा असतो.

बरगडीची खोड म्हणजे ती वाकते. गिब्सन आणि डेव्हिस यांनी १९५८ मध्येच दाखवलं की कूर्चेच्या कडेचा भाग आत ताण धरून असतो, एका बाजूने तासलं की तो ताण सुटतो. म्हणून मधल्या गाभ्याचा तुकडा घेतात, कोरून काही वेळ ठेवून बघतात, किंवा कूर्चेचे बारीक तुकडे करून कानशिलाच्या स्नायूवरच्या पातळ पडद्यात गुंडाळतात. वय वाढलं की कूर्चेत कॅल्शियम साचतं आणि ती कोरणं कठीण होतं.

'स्वतःचंच वापरा' हे तत्त्व पुण्याला नवं नाही. इंग्रजांच्या फौजेतला बैलगाडीवान कावसजी याचं नाक टिपूच्या कैदेत कापलं गेलं होतं. पुण्याजवळ विटा करणाऱ्या जातीतल्या एका माणसाने कपाळाची त्वचा वळवून ते पुन्हा घडवलं. ती हकिकत लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये ऑक्टोबर १७९४ मध्ये छापून आली.

दुसऱ्या शस्त्रक्रियेला जाताना पहिल्या वेळची कागदपत्रं मागून घ्यावीत: कोणता पदार्थ, कुठे बसवला, कूर्चा काढली का. ती नसतील तर सीटी स्कॅनवरून अंदाज येतो, पण खरी अवस्था नाक उघडल्यावरच कळते. बरगडीने बांधलेलं नाक शेंड्याशी ताठर लागतं, हसताना पूर्वीसारखं हलत नाही, आणि सूज पूर्ण उतरायला वर्ष किंवा त्याहून जास्त जातं.