'मुसाफिर' शब्दाचा प्रवास : एर्झुरूम ते तबरीझ

अपरिचित देशातून सार्वजनिक वाहनाने भूमार्गे जाणे हा तौलनिक भाषाध्ययनाचाही एक मार्ग होय. विमानाने जाणाऱ्यास दोन राजधान्यांतील दोन प्रमाणभाषा भेटतात. बसने जाणाऱ्यास त्यांच्यामधील संक्रमण प्रत्यक्ष ऐकावयास मिळते. पूर्व तुर्कस्तानातील एर्झुरूमपासून इराणमधील तबरीझपर्यंतचा मार्ग या दृष्टीने उद्बोधक आहे.

एर्झुरूमहून बस अरारात पर्वताच्या पायथ्याशी वसलेल्या दोउबायाझित गावी येते. तेथून सुमारे ३५ किलोमीटरवरील सीमानाक्यापर्यंत 'दोल्मुश' नावाची लहान बस धावते. 'दोल्मुश' म्हणजे भरलेले. भरल्या भाजीचे 'दोल्मा' हे नावही याच धातूपासून आले आहे. भरल्यावर सुटणे हेच या वाहनाचे वेळापत्रक. सीमेपलीकडे तेच काम करणाऱ्या सामायिक टॅक्सीला 'सवारी' म्हणतात. मराठीत मात्र 'स्वारी' राजाची निघते, शत्रूवर होते, आणि घरातल्या माणसाचाही कौतुकाने तसाच उल्लेख होतो.

सीमेवर लिपी एकाएकी बदलते. तुर्कस्तानने १९२८ मध्ये लॅटिन लिपी स्वीकारली. इराणमध्ये पाट्या, तिकिटे व त्यांवरील आकडेही फारसी लिपीत असतात. परंतु तबरीझच्या परिसरात बोलली जाणारी आझरबैजानी ही तुर्कीची निकटची भगिनी आहे. त्यामुळे डोळ्यांना सर्वस्वी परका झालेला प्रदेश कानांना मात्र काही काळ ओळखीचाच वाटत राहतो. लिपीची सीमा ही भाषेची सीमा नव्हे, हे येथे पुस्तकावाचून कळते.

याच मार्गावर प्रस्तुत लेखकाची एक समजूत ढळली. एर्झुरूमहून निघालेल्या बसमध्ये शेजारच्या वृद्ध गृहस्थांना आपण 'मुसाफिर' आहोत, असे सांगितले. पुढील थांब्यावर त्यांनी चहाचे पैसे काही केल्या देऊ दिले नाहीत. तुर्कीत 'मिसाफिर' म्हणजे पाहुणा. उतारूला तेथे 'योल्जु', म्हणजे वाटेवरचा, असा शब्द आहे. अजाणतेपणी लेखकाने आपला परिचय नव्हे, तर आतिथ्यावरील हक्कच सांगितला होता. सीमा ओलांडल्यावर फारसीत तोच शब्द पुन्हा साध्या प्रवाशाचा वाचक होतो, आणि 'मुसाफिरखाना' म्हणजे भाडे देऊन उतरण्याची जागा. मूळ अरबी, 'सफर' शब्दाशी संबद्ध असा हा एकच शब्द. परंतु एका भाषेने त्याच्याकडे वाटेवरून पाहिले, तर दुसरीने घराच्या उंबरठ्यावरून.

भारतीय साहित्यांच्या अभ्यासकास हा अनुभव परका नाही. हिंदी-बंगालीत कादंबरीचा वाचक असलेला 'उपन्यास' कन्नडमध्ये व्याख्यान होतो, आणि कन्नड-मराठीत त्या साहित्यप्रकाराचे नाव बाणभट्टाच्या एका कृतीवरून पडते. सामायिक शब्दांच्या याद्या करून आपण साहित्यांचे ऐक्य सिद्ध झाले असे मानतो, तेव्हा याद्या विमानाने हिंडून केलेल्या असतात. शब्द एका भाषेतून दुसरीत कोणत्या वाटेने गेला आणि तेथे त्याला कोणी कोणत्या नात्याने घरात घेतले, हे पाहिल्यावाचून त्या ऐक्याचा अर्थ लागत नाही.