तुमच्या जॉबला किती कोळसा लागला?

मी राजूरचा. वणीजवळचं राजूर, कॉलरीचं. अंगणात वाळत घातलेले कपडे झटकूनच घरात घ्यायचे, ही आमच्याकडची सवय. या पट्ट्यातला कोळसा वीजकेंद्रांकडे जातो. शेजारच्या चंद्रपूरचं महाऔष्णिक केंद्रच 2920 मेगावॅटचं आहे. तरीही पुण्यात क्लस्टरवर पहिला मोठा जॉब टाकला तेव्हा कोळसा माझ्या डोक्यातही आला नव्हता. एसीच्या खोलीत बसून एंटर दाबलं, एवढंच.

त्या जॉबचा हिशेब आज तुमच्यासमोर मांडतो. तुम्हीही लवकरच असा जॉब टाकणार आहात, म्हणून.

मी 40 नोड मागितले आणि जॉब 24 तास चालला. एक नोड पूर्ण भाराने चालताना 500 वॅट घेतो असं धरू. 40 गुणिले 24 गुणिले अर्धा किलोवॅट, म्हणजे 480 युनिट. त्यात थंडाव्याचा आणि इतर खर्च आला. इमारतीला लागणारी एकूण वीज भागिले संगणकांना लागणारी वीज, या गुणोत्तराला पीयूई म्हणतात. ते 1.5 धरलं तर 720 युनिट झाले. महिन्याला 100 युनिट जाळणाऱ्या घराची ही सात महिन्यांची वीज! क्लस्टरला थेट चंद्रपूरचीच वीज येते असं नाही, ग्रिडमध्ये सगळी एकत्र होते. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या हिशेबात देशात युनिटमागे सरासरी 0.7 किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड पडतो. म्हणजे माझ्या एका जॉबचा अर्धा टन. सगळी वीज कोळशाचीच धरली तर युनिटला साधारण 0.65 किलोप्रमाणे पावणेपाच क्विंटल कोळसा.

बरं, संशोधनासाठी लागला तर लागला. पण त्यातला निम्मा फुकट गेला होता, हे खरं दुखणं.

झालं असं, की माझ्या कोडचा साधारण 5 टक्के भाग एकामागून एकच चालणारा होता. जीन अ‍ॅमडाल यांनी 1967 मध्ये मांडलेला नियम सांगतो की असा भाग असला की कितीही नोड जोडा, वेग 20 पटींच्या पुढे जात नाही. 10 नोडवर तो सुमारे 6.9 पट होतो, 40 नोडवर 13.6 पट. नोड चौपट, वेग जेमतेम दुप्पट. 10 नोडवर तेच काम 47 तासांत झालं असतं आणि वीज निम्म्याहून कमी लागली असती. एक दिवस दम धरला असता तर सव्वादोन क्विंटलच्या वर कोळसा वाचला असता.

तुम्ही म्हणाल, उरलेले नोड रिकामेच बसले ना? तिथेच गंमत आहे. एमपीआयमध्ये निरोपाची वाट बघणारा कोअर बहुतेक वेळा झोपत नाही. "आलं का? आलं का?" असं तो सारखं विचारत राहतो आणि वीज खात राहतो.

म्हणून मोठा जॉब टाकायच्या आधी छोटा टाका. 1, 2, 4, 8 नोडवर थोडी-थोडी पावलं चालवा, वेळ वहीत लिहा. नोड दुप्पट करूनही वेळ फारसा घटत नाही, तिथे थांबा. तासाभराचं काम आहे. आणि चेकपॉइंट ठेवाच. 23 व्या तासाला जॉब मेला तर पुन्हा शून्यापासून, हे मी दोनदा भोगलंय.

यंत्र बनवणारेही गप्प बसलेले नाहीत. 2007 पासून ग्रीन500 ही यादी निघते. तिच्यात वेग नव्हे, तर एका वॅटमागे किती गणित होतं ते बघतात. पुण्याच्या सी-डॅकचा परम युवा 2 हा 2013 मध्ये या यादीत जगात 44 वा होता. आयसर पुण्यातल्या परम ब्रह्ममध्ये चिपजवळच द्रव फिरवून उष्णता काढून नेतात. विदर्भातल्या माणसाला हे समजावायला नको. मे महिन्यात अख्खी खोली गार करण्यापेक्षा डोक्यावर ओला दुपट्टा बरा. फिनलंडमधला लुमी जलविद्युतवर चालतो आणि त्याची उष्णता कायानी शहरातली घरं गरम करायला वापरतात. आपल्याकडे घरं गरम करायची गरज कोणाला! त्यामुळे ती युक्ती जशीच्या तशी इथे चालणार नाही.

चालेल अशी एक आहे. एडिनबरोच्या आर्चर2 ने डिसेंबर 2022 मध्ये प्रोसेसरचा नेहमीचा वेग 2 गिगाहर्ट्झवर आणला. वेग वाढवला की व्होल्टेजही वाढवावं लागतं आणि वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात चढते. तुमचा कोड मेमरीची वाट बघत बसणारा असेल, तर वेग थोडा उतरवल्याने निकालाला फार उशीर होत नाही. तुमच्या क्लस्टरवर ही सोय वापरकर्त्याला आहे का, ते अ‍ॅडमिनला विचारा. काही ठिकाणी स्लर्ममध्ये जॉबने खाल्लेली ऊर्जाही नोंदलेली असते, तेही विचारून घ्या.

मी आता प्रबंधाच्या परिशिष्टात प्रत्येक मोठ्या जॉबपुढे नोड-तास आणि युनिट लिहितो. गाइड म्हणाले, "हे कोण वाचणार?" गेल्या सुट्टीत घरी तोच तक्ता बाबांना दाखवला. त्यांनी चष्मा लावून शेवटचा रकाना बघितला आणि विचारलं, "एवढा जाळून उत्तर बरोबर आलं का?"

तीन जॉबचं आलं नव्हतं.