कोड मुक्त, नाव राखीव!

मध्य प्रदेशातला सिवनी जिल्हा. किपलिंगचा मोगली तिथल्या रानात वाढला, बालू अस्वल त्याचा मास्तर. मुंबईच्या ‘एक टाइप’ने मुक्त परवान्याखाली दिलेल्या गुबगुबीत देवनागरी फॉन्टचं नावही ‘बालू’च. लिपी बदलली की याला नातं चिकटतं: गुजरातीत बालू भाई, बंगालीत बालू दा, गुरुमुखीत बालू पाजी, तमिळमध्ये बालू तंबी, मल्याळममध्ये बालू चेट्टन. आपला मात्र नुसताच बालू. ‘भाऊ’ लावला असता तर काय बिघडलं असतं?

बालूचा परवाना ‘एसआयएल ओपन फॉन्ट’. अक्षरं वाटा, हवी तशी वळवा; पण कर्त्याने नाव राखून ठेवलं असेल, तर बदललेल्या फॉन्टचं बारसं नव्याने करा. ‘बिटस्ट्रीम व्हेरा’ फॉन्टचीही अट अशीच, म्हणून त्याच्यावरून वाढवलेला फॉन्ट ‘डेजाव्हू’ झाला.

नावावरून सगळ्यात गाजलेलं भांडण ब्राउझरचं. 2006मध्ये फायरफॉक्सच्या मोझिलाने ‘डेबियन’ लिनक्सवाल्यांना बजावलं: आमचं बोधचिन्ह वापरत नाही, दुरुस्त्याही आम्हाला न विचारता करता, मग ‘फायरफॉक्स’ म्हणू नका. डेबियनने कोड तसाच ठेवला आणि नाव दिलं ‘आइसवीझल’. आगीच्या जागी बर्फ, कोल्ह्याच्या जागी वीझल! मोझिलाच्याच थंडरबर्डचा ‘आइसडव्ह’ झाला, सीमंकीचा ‘आइसएप’. फायरफॉक्सपुरता समेट व्हायला 2016 उजाडलं. खरं सांगायचं तर आइसवीझलच जास्त झकास होतं. आणि फायरफॉक्स तरी कुठे पहिलं नाव? आधी फिनिक्स, मग फायरबर्ड. दोन्हींवर दुसऱ्यांनी हक्क सांगितला, तेव्हा 2004मध्ये हे तिसरं.

डेबियन हे नाव इयान मर्डॉकने मैत्रीण डेब्राच्या आणि स्वतःच्या नावातून जुळवलं. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकने याच डेबियनवर आपली ‘बॉस’ लिनक्स उभी केली. इथे ना भांडण, ना नोटीस.

इंद्रजाल कॉमिक्सवर वाढलेल्यांसाठी खास: जादूगार मँड्रेकच्या मालकांनी ‘मँड्रेक लिनक्स’ला कोर्टात खेचलं. 2005मध्ये कंपनी ब्राझीलच्या कोनेक्टिव्हाशी एक झाली, तेव्हा दोन्ही नावांतून ‘मँड्रिव्हा’ निघालं.

जेराल्ड कोम्ब्सची कथा आणखी मजेदार. 2006मध्ये त्याने नोकरी बदलली. त्याने लिहिलेल्या ‘इथरियल’ या नेटवर्क तपासणाऱ्या प्रोग्रॅमचा कोड मुक्त असल्याने सोबत आला, नावाचा हक्क जुन्या कंपनीकडेच राहिला. तो प्रोग्रॅम आज ‘वायरशार्क’ म्हणून जगभर चालतो.

‘मायएसक्यूएल’ या डेटाबेसच्या नावातली ‘माय’ ही त्याचा एक कर्ता मायकेल विडेनियसची थोरली लेक. ते ओरॅकलच्या हाती जाणार असं दिसताच त्याने 2009मध्ये वेगळी चूल मांडली आणि धाकटीच्या नावाने ‘मारियाडीबी’ काढलं.

तेव्हा एखादा मुक्त प्रोग्रॅम सुधारून वाटणार असाल, तर परवान्याबरोबर त्याचे ट्रेडमार्कचे नियमही वाचा, आणि एखादं फर्मास नाव आधीच शोधून ठेवा.