गोळीची रुजवात

हळद काढणीच्या दिवसांत ताप-खोकल्याने बेजार झालेला वसमत किंवा कळमनुरीकडचा मजूर औषधाच्या दुकानी जाऊन "मागच्या खेपेची ती लाल-पिवळी कॅप्सूल द्या" असे म्हणतो, तेव्हा तो औषधाची ओळख रंगावरून पटवीत असतो. आणि रंग हा सर्वस्वी उत्पादकाच्या मर्जीचा भाग असल्यामुळे, एकाच रंगाच्या कवचात भिन्न औषधे वा भिन्न कवचांत एकच औषध असणे मुळीच दुर्मिळ नाही. शिवाय तो ताप विषाणूजन्य असला तर जंतुनाशक प्रतिजैविक त्यापुढे सर्वथा निरुपयोगी ठरते.

ओळख पटवावयाची ती व्यापारी नावालगत छापलेल्या मूळ द्रव्याच्या नावावरून. ज्यास पेनिसिलिन सोसत नाही अशा रुग्णाने अनोळखी व्यापारी नावाखाली अ‍ॅमॉक्सिसिलिन घेतले, तर ती दोन्ही द्रव्ये एकाच कुळातील असल्यामुळे प्रसंग जिवावर बेतू शकतो. आकड्यांचाही तपशील पाहावा : '625' या आकड्यात 500 मिलिग्रॅम अ‍ॅमॉक्सिसिलिन आणि 125 मिलिग्रॅम क्लॅव्ह्युलॅनिक आम्ल सामावलेले असून, जंतू ज्या विकराच्या साह्याने पहिल्या द्रव्याचा भंग करतात त्या विकरास निष्प्रभ करणे, एवढेच दुसऱ्याचे काम.

पाकिटावरील उभी लाल रेघ ही डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून औषध न घेण्याची ताकीद होय. परंतु ती काही वेदनाशामकांवरही आढळते, सबब तेवढ्यावरून प्रतिजैविक ओळखता येत नाही. सेफिक्झिमसारखी जी प्रतिजैविके 1 मार्च 2014 पासून औषधविषयक नियमांच्या 'एच-1' या परिशिष्टात अंतर्भूत झाली, त्यांच्या पाकिटावर लाल चौकटीत इशारा छापलेला असतो, आणि डॉक्टर, रुग्ण, औषध व नग यांची नोंद करून ती वही तीन वर्षे दप्तरी ठेवणे विक्रेत्यावर बंधनकारक असते.

तथापि छापील मजकुरालाही मर्यादा आहेतच. नागपूर जिल्ह्यातील शासकीय रुग्णालयांना पुरविलेल्या प्रतिजैविकाच्या गोळ्यांत औषधच नसल्याचे, आणि पाकिटावर नाव असलेली कंपनी अस्तित्वातच नसल्याचे, 2023-24 मध्ये उघडकीस आले. ते प्रयोगशाळेने उघड केले, डोळ्यांना ते दिसणे शक्य नव्हते. म्हणूनच चार गोळ्यांपुरती पट्टी कातरून घेताना, मुदतीची तारीख व बॅच क्रमांक बहुधा दुकानातल्या तुकड्यावरच राहतात हे ध्यानी धरून, ते दोन्ही नोंदविलेली पक्की पावती मागून घ्यावी. कारण उद्या एखादी बॅच बनावट ठरली, तर आपल्या घरातली गोळी तीतलीच का, याचा निवाडा त्या क्रमांकावाचून होणार नाही.